राज्याची पर्यावरण आणि हवामानविषयक वार्षिक प्रगती नेमकी कशावरून ठरवावी?

प्रश्न : भीमाकाठ

येत्या ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात ‘गेल्या वर्षभरात महाराष्ट्र शासनाने पर्यावरण रक्षण आणि हवामान बदल या दोन आघाड्यांवर काय साधले’ या विषयावर अर्धा तास बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. श्रोत्यांमध्ये शिक्षक, बागायतदार शेतकरी, निवृत्त कर्मचारी आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली असतात. त्यामुळे ‘झाडे लावा, झाडे जगवा’ या पातळीवरचे भाषण त्यांना नको आहे आणि मलाही करायचे नाही.

तयारीसाठी मी शासकीय निवेदने, जाहिराती, अधिवेशनांतील उत्तरे आणि वृत्तपत्रांची कात्रणे चाळली. साहित्य भरपूर आहे. पर्यावरण विभागाच्या नावात २०२० मध्ये ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला माझी वसुंधरा अभियान सुरू झाले, २०२१ मध्ये विद्युत वाहन धोरण आले, मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर करून २०५० पर्यंत नक्त शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठेवले आणि नांदूर मधमेश्वर, लोणार व ठाणे खाडी ही तीन पाणथळ क्षेत्रे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. हे सारे सांगता येईल. माझी अडचण अशी आहे की या साहित्यात जे मोजले जाते ते जवळपास सगळे ‘केलेले काम’ आहे : किती कोटी रोपे लावली, किती मेगावॅट मंजूर झाले, किती ग्रामपंचायती सहभागी झाल्या, किती कोटींची तरतूद झाली. हे आकडे खोटे आहेत असे मी म्हणत नाही. मात्र नदी आदल्या वर्षीपेक्षा कमी घाण झाली का, हवा सुधारली का, उत्सर्जन घटले का, यांपैकी एकाचेही उत्तर त्यांतून मिळत नाही.

राज्याच्या वर्षभराच्या प्रगतीचे मूल्यमापन करायचे झाल्यास कोणती कागदपत्रे आधाराला घ्यावीत आणि त्यांतले कोणते आकडे विश्वासार्ह मानावेत? शिवाय इतर राज्यांशी तुलना करणे न्याय्य ठरेल का, यावरही जाणकारांनी लिहावे.


प्रतिसाद : जुना कारकून

मी एका महापालिकेच्या पर्यावरण विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून कागदांपासूनच सुरुवात करतो. प्रसिद्धीसाठी तयार होणारे अहवाल आणि कायद्याने तयार करावेच लागणारे अहवाल यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिल्या प्रकारात काय सांगायचे हे सांगणारा ठरवतो. दुसऱ्या प्रकारात काय भरायचे हे रकान्यांनी आधीच ठरवलेले असते, आणि रिकामा राहिलेला रकानाही काहीतरी सांगून जातो.

जल अधिनियम, १९७४ चे कलम ३९ आणि हवा अधिनियम, १९८१ चे कलम ३५ यांनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत आपला वार्षिक अहवाल राज्य शासनाला द्यायचा असतो आणि शासनाने तो वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. म्हणजे मार्चमध्ये संपलेल्या वर्षाचा हिशेब डिसेंबरअखेर आमदारांच्या हाती असायला हवा. आपण सर्वांत आधी एवढेच पाहावे की आज कोणत्या वर्षापर्यंतचा अहवाल उपलब्ध आहे. अहवालाला होणारा उशीर हाही कामगिरीचाच भाग असतो, फक्त त्याची जाहिरात कोणी करत नाही.

दुसरा कागद शहरांचा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरण स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे मांडणे बंधनकारक आहे. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावी. २०२२ पासून राज्यातील अनेक महापालिकांत दीर्घकाळ निवडणुका झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकांकडे राहिला. ज्या सभेने अहवालावर प्रश्न विचारायचे ती सभाच अस्तित्वात नव्हती. अहवाल छापले गेले, पण त्यांच्यावर चर्चा करण्याचे घटनात्मक ठिकाण त्या काळात रिकामे होते. पर्यावरणाच्या वार्षिक आढाव्यात ही बाब कोणी लिहीत नाही. माझ्या मते ती पहिल्या पानावर यायला हवी.

आता आकड्यांकडे येतो. आपल्या श्रोत्यांना एकच उदाहरण द्यायचे असेल तर सांडपाण्याचे द्यावे, कारण ‘केलेले काम’ आणि ‘झालेला परिणाम’ यांतली दरी तेथे उघडी पडते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या देशव्यापी नोंदीनुसार महाराष्ट्राच्या शहरी भागात दररोज ९,१०७ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि उभारलेली प्रक्रिया क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर होती. म्हणजे क्षमता सुमारे ७६ टक्के. देशाच्या सरासरीशी ताडून पाहिले तर हे प्रमाण खरोखरच चांगले आहे, कारण तेव्हा देशात ७२,३६८ दशलक्ष लिटरसाठी ३१,८४१ दशलक्ष लिटरचीच क्षमता होती. शासकीय सादरीकरण साधारणपणे येथे थांबते. पण त्याच तक्त्यातील पुढचा रकाना सांगतो की महाराष्ट्रात प्रत्यक्ष वापरली गेलेली क्षमता ४,२४२ दशलक्ष लिटर, म्हणजे निर्माण होणाऱ्या सांडपाण्याच्या निम्म्याहूनही कमी होती. केंद्र उभे आहे, उद्घाटनाची कोनशिलाही आहे, पण मलनिस्सारण वाहिन्यांची जोडणी अपुरी असल्याने सांडपाणी केंद्रापर्यंत पोहोचतच नाही आणि ओढ्या-नाल्यांतून थेट नदीला मिळते. कधी वीजबिल भागत नाही, कधी देखभालीचे कंत्राट संपलेले असते. ही कारणे खात्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतात.

या दरीची किंमतही एकदा काढली गेली आहे. घनकचरा आणि सांडपाणी व्यवस्थापनातील त्रुटींबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यावर सुमारे १२,००० कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई आकारण्याचा आदेश दिला. त्या हिशेबात प्रक्रियेविना राहणाऱ्या प्रत्येक दशलक्ष लिटर सांडपाण्यासाठी २ कोटी रुपये धरलेले होते.

नद्यांसाठी मापदंड आणखी सोपा आहे. ज्या पट्ट्यात जैविक ऑक्सिजन मागणी (बीओडी), म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, प्रतिलिटर ३ मिलिग्रॅमच्या वर जाते तो पट्टा केंद्रीय मंडळ प्रदूषित मानते. २०१८ च्या यादीत देशभरात असे ३५१ पट्टे होते, त्यांपैकी ५३ महाराष्ट्रात. २०२२ च्या यादीत देशाची संख्या ३११ वर आली, पण महाराष्ट्राची ५५ झाली आणि राज्य पहिल्या क्रमांकावरच राहिले. याच काळात राज्यात अभियाने झाली, पुरस्कारही वाटले गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आपल्याला त्या एकाच तक्त्यात मांडायच्या आहेत.


प्रतिसाद : सावरीचे झाड

जुना कारकून यांनी पाण्याचे सांगितले, मी वनांपुरते लिहितो, कारण वार्षिक प्रगतीत सर्वाधिक मोठे आकडे तेथेच असतात.

राज्यात २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत ४, १३ आणि ३३ कोटी अशा चढत्या क्रमाने एकूण ५० कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम झाला. तीन मीटर अंतरावर रोप लावले तर हेक्टरी सुमारे १,१०० रोपे बसतात. या हिशेबाने ५० कोटी रोपांना साधारण साडेचार हजार चौरस किलोमीटर जागा लागते, म्हणजे राज्याच्या ३,०७,७१३ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या जवळजवळ दीड टक्का. आता भारतीय वन सर्वेक्षणाचा द्वैवार्षिक अहवाल पाहा. महाराष्ट्राचे वनाच्छादन २०१९ च्या अहवालात ५०,७७८ चौरस किलोमीटर होते, २०२१ च्या अहवालात ते ५०,७९८ झाले. वाढ २० चौरस किलोमीटर. २०२३ च्या अहवालातही टक्केवारी साडेसोळाच्याच आसपास आहे.

यावरून लगेच ‘सगळी रोपे कागदावरच होती’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल, आणि आपण व्यासपीठावरून तसे म्हणू नये. २०२१ च्या अहवालासाठी वापरलेली उपग्रह छायाचित्रे २०१९ च्या अखेरची होती, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांचे रोप त्यांत दिसणारच नव्हते. रस्त्याकडेला, बांधावर, शाळांच्या आवारात लावलेली विखुरलेली झाडेही वनाच्छादनात येत नाहीत, कारण त्या व्याख्येसाठी किमान एक हेक्टरचा सलग तुकडा आणि किमान १० टक्के छत्र लागते. अडचण वेगळीच आहे : लावलेल्या रोपांपैकी तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी किती जिवंत आहेत याचा ठिकाणवार आकडा लागवडीच्या आकड्याइतक्याच ठळकपणे प्रसिद्ध व्हायला हवा होता, तो झाला नाही. पुढे २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली, हेही त्या न झालेल्या हिशेबाचेच फलित म्हणायला हवे.

वनाच्छादनाचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. त्या व्याख्येत जमिनीची मालकी किंवा वापर पाहिला जात नाही, त्यामुळे कोकणातील आंबा-काजूच्या बागाही उपग्रहाला ‘वन’ म्हणून दिसू शकतात. २०२१ च्या अहवालातील ५०,७९८ चौरस किलोमीटरची फोड अशी होती : अतिघनदाट ८,७३४, मध्यम घनदाट २०,५८९ आणि विरळ २१,४७५. एकूण आकडा स्थिर ठेवून घनदाट जंगल विरळ होऊ शकते, आणि एखाद्या जिल्ह्यातील खाणीसाठी गेलेले जुने जंगल दुसऱ्या जिल्ह्यातील रोपवनाने बेरजेत भरून निघू शकते. म्हणून एकूण बेरीज बाजूला ठेवून घनतेचे वर्ग आणि जिल्हे पाहावेत.

एका बाबतीत मात्र राज्याला मोकळेपणाने श्रेय द्यावे असे मला वाटते, ती म्हणजे कांदळवने (खारफुटीची जंगले). २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, शासकीय जमिनीवरील मोठी क्षेत्रे राखीव वन म्हणून अधिसूचित झाली, आणि राज्यातील कांदळवन आच्छादन २०१९ च्या अहवालातील ३२० चौरस किलोमीटरवरून २०२१ मध्ये ३२४ वर गेले. कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटल्यानंतर सार्वजनिक प्रकल्पासाठीही तोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. हे संरक्षण खरे आहे, पण अभेद्य नाही : डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार कांदळवन झाडे तोडण्यास अशीच परवानगी मिळाली. वार्षिक हिशेबात लागवड एका पानावर आणि तोडीच्या परवानग्या दुसऱ्याच विभागाच्या दप्तरात, अशी वाटणी असेल तर वाचणाऱ्याने दोन्ही पाने शेजारी ठेवावीत.


भीमाकाठ

दोघांचेही आभार. सांडपाण्याचा तक्ता मी फळ्यावरच लिहीन.

आता माझ्या श्रोत्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा विषय राहतो. आमच्या भागात सौर कृषी वाहिनीचे, म्हणजे कृषिपंपांना वीज देणारी वाहिनी सौर प्रकल्पावर चालवण्याचे, काम सुरू आहे, काही गावांना दिवसा वीज मिळू लागली आहे आणि शेतकरी त्यावर खूश आहेत. हे हवामानविषयक काम म्हणून किती मोलाचे आहे, की ते मूलतः शेतीविषयक धोरण आहे आणि त्याला हवामानाचे लेबल लावले जात आहे?


प्रतिसाद : भारनियमन

मी वीज क्षेत्रात आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक भेद सांगतो, कारण वर्तमानपत्रांत तो नेहमी पुसला जातो. घोषणा, निविदा, देकारपत्र (काम दिल्याचे पत्र), वीजखरेदी करार आणि कार्यान्वित प्रकल्प हे पाच वेगळे टप्पे आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली तेव्हा २०२५ पर्यंत किमान ३० टक्के कृषी वाहिन्या सौर ऊर्जेवर आणण्याचे आणि त्यासाठी ७,००० मेगावॅट उभारण्याचे लक्ष्य होते. पुढे हे लक्ष्य वाढत १६,००० मेगावॅटपर्यंत गेले. लक्ष्य वाढले की बातमी होते. आपण मात्र दरवर्षी ३१ मार्चला कार्यान्वित असलेला आकडा आणि त्यातून प्रत्यक्ष मिळालेली युनिटे एवढेच मागावे.

युनिटांचे महत्त्व असे. एक मेगावॅट सौर प्रकल्प आपल्याकडे वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिटे देतो. देशाच्या वीजजाळ्यातील सरासरी कर्बोत्सर्जन प्रतियुनिट सुमारे ०.७ किलो आहे. म्हणजे एक मेगावॅटमागे वर्षाला साधारण १,१०० टन कर्बवायू टळतो. ७,००० मेगावॅट पूर्ण चालू झाले तर हा आकडा ७५ ते ८० लाख टनांच्या घरात जातो. तुलनेसाठी २,९२० मेगावॅटचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र घ्या. ते सरासरी ६५ टक्के क्षमतेने चालले आणि प्रतियुनिट साधारण एक किलो कर्बवायू धरला, तर त्याचे वार्षिक उत्सर्जन दीड कोटी टनांच्या वर जाते. म्हणजे ही योजना लक्ष्याप्रमाणे पूर्ण झाल्यास चंद्रपूरच्या निम्म्या उत्सर्जनाएवढी बचत होईल. ही ढोबळ आकडेमोड आहे, पण योजनेचे वजन कळण्यापुरती पुरेशी आहे. तेव्हा लेबल लावलेले नाही. हे राज्याचे सर्वांत भरीव हवामानविषयक काम ठरू शकते, आणि त्याची खरी प्रेरणा रात्रीच्या विजेचा त्रास आणि अनुदानाचा बोजा कमी करण्याची आहे म्हणून त्याचे मोल कमी होत नाही.

आता दुसरी बाजू. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू झाली आणि तिचे लाभार्थी ४४ लाखांहून अधिक आहेत. दिवसा वीज, तीही मोफत, आणि विहिरीत पाणी असेपर्यंत पंप बंद करण्याचे काहीही कारण नाही, अशी ही जुळणी आहे. कर्ब वाचेल आणि भूजल जाईल, असे होऊ शकते. शेतकऱ्याला दोष देण्याचा येथे प्रश्न नाही, धोरणाने त्याच्यापुढे जो हिशेब ठेवला आहे तोच तो करणार. म्हणून सौर वाहिनीच्या यशाचा आकडा सांगताना त्याच तालुक्याची भूजल पातळी सांगावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, त्यामुळे हा आकडा मिळवणे अवघड नाही.

हा मुद्दा मी काल्पनिक भीतीतून मांडत नाही. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३३ कोटी रुपयांहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात त्याचा प्रभाव अल्पच राहिला, असा शेरा नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये विधिमंडळात सादर झालेल्या अहवालात मारला होता. कॅगच्या त्या निष्कर्षावर तेव्हा पुष्कळ राजकारण झाले आणि अभियानाच्या समर्थकांचे आक्षेपही होते. पण खर्चाची आणि कामांची मोजणी पुढे, परिणामाची मोजणी मागे, हा प्रकार तेथेही दिसतोच.

शेवटी उत्सर्जनाबद्दल. राज्याने दरवर्षी हरितगृह वायूंची संपूर्ण मोजदाद प्रसिद्ध करावी असे बंधन कोणताही कायदा घालत नाही. म्हणून ‘राज्याचे उत्सर्जन या वर्षी किती घटले’ या प्रश्नाला अधिकृत, वर्षागणिक उत्तर मिळत नाही, आणि हे न मिळणे हाच आपल्या भाषणातला एक महत्त्वाचा मुद्दा होऊ शकतो. सौर क्षमता वाढत असतानाच कोराडीत ६६० मेगावॅटचे दोन नवे कोळसा संच उभारण्याचा निर्णयही याच राज्याने घेतला आहे. त्यामागे रात्रीच्या मागणीचे कारण दिले जाते, आणि ते कारण पोकळ नाही. तरीही बेरीज आणि वजाबाकी एकाच कागदावर यायला हव्यात.


प्रतिसाद : ग्रामसभा

चर्चा उत्तम आहे, पण मला एक मतभेद नोंदवायचा आहे. ‘केलेले काम’ मोजणे म्हणजे धूळफेक, असा सूर वरच्या प्रतिसादांत उमटतो आहे आणि तो ग्रामपंचायतींवर अन्याय करणारा आहे.

माझी वसुंधरा अभियानात पहिल्या वर्षी ६८६ स्थानिक स्वराज्य संस्था होत्या, दुसऱ्या वर्षी त्यांची संख्या अकरा हजारांच्या पुढे गेली. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांखाली गुण दिले जातात. त्यांत कचऱ्याचे वर्गीकरण, पर्जन्यजल संधारण, एलईडी पथदिवे, सौर पंप, जनजागृती अशी कामे येतात. दोन-तीन हजार वस्तीच्या गावाकडे हवेतील सूक्ष्म कण मोजण्याचे यंत्र नसते, बीओडी तपासायला प्रयोगशाळा नसते. अशा गावाला परिणाम सिद्ध करून दाखव म्हणणे म्हणजे त्याला स्पर्धेबाहेर ठेवणे. आमच्यासारख्या ठिकाणी गुणांच्या निमित्ताने ग्रामसभेत पहिल्यांदा ओढ्यात पडणाऱ्या सांडपाण्यावर चर्चा झाली. हे अहवालात कोठेही मोजले जाणार नाही, पण ते झाले आहे.

पर्यावरणाचा परिणाम दिसायला दहा वर्षे लागतात आणि शासनाचे अंदाजपत्रक दरवर्षी मांडले जाते. वार्षिक मूल्यमापन कामाचेच होणार; परिणामाचे मूल्यमापन पाच वर्षांनी करावे.


प्रतिसाद : जुना कारकून

ग्रामसभा यांचा आक्षेप ग्रामपंचायतींपुरता मला पूर्ण मान्य आहे. परंतु मूळ प्रश्न राज्य शासनाच्या प्रगतीबद्दल आहे, आणि राज्याकडे प्रयोगशाळा आहेत, यंत्रे आहेत आणि मंडळही आहे. गावाकडून कामाचा हिशेब घ्यावा आणि राज्याकडून परिणामाचा, अशी विभागणी केली तर दोघांवरही अन्याय होत नाही. हल्ली नेमके उलटे घडते. गावांनी केलेल्या कामांची बेरीज करून ती राज्याची प्रगती म्हणून सादर केली जाते.

पाच वर्षांनी मूल्यमापन करण्याबद्दल मात्र मी साशंक आहे. हवेचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा २०१७ हे पायाभूत वर्ष धरून २०२४ पर्यंत सूक्ष्म कण २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे बदलण्यात आले. महाराष्ट्रातील १९ शहरे या कार्यक्रमात आहेत, म्हणजे सर्वाधिक शहरे असलेल्या राज्यांपैकी आपण एक आहोत. पीएम १०, म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांचे वार्षिक मानक प्रतिघनमीटर ६० मायक्रोग्रॅम आहे. आपल्या जवळच्या शहराची या मानकाच्या संदर्भातील दरवर्षीची सरासरी मिळते, फक्त एकाच वर्षाची तुलना करू नये. पाऊस लांबला किंवा समुद्रावरील वाऱ्यांची दिशा बदलली तरी सरासरी खाली-वर होते, शिवाय मोजणी केंद्रांची संख्या आणि जागा बदलली तर आकडा बदलतो. तीन वर्षांची चल सरासरी (दरवर्षी लगतच्या तीन वर्षांची मिळून काढलेली) आणि तीच ती केंद्रे, एवढी काळजी घेतली की दरवर्षीही परिणाम तपासता येतो.


प्रतिसाद : भारनियमन

इतर राज्यांशी तुलनेचा प्रश्न राहून गेला होता. उत्सर्जनाची किंवा प्रदूषित पट्ट्यांची सरळ क्रमवारी लावणे मला न्याय्य वाटत नाही. महाराष्ट्रात उद्योग आणि शहरी लोकसंख्या जास्त आहे. शिवाय जेथे पाण्याचे नमुने अधिक ठिकाणी घेतले जातात तेथे प्रदूषित पट्टे अधिक सापडतात. मोजण्याची शिक्षा राज्याला होऊ नये.

तुलना करायचीच असेल तर हिशेब मांडण्याच्या पद्धतीची करावी. ओडिशाने २०२०-२१ पासून स्वतंत्र हवामान अंदाजपत्रक मांडायला सुरुवात केली, ज्यात प्रत्येक विभागाच्या योजनांचा किती खर्च हवामानाशी संबंधित आहे हे दाखवले जाते. आपल्याकडे मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये असे अंदाजपत्रक प्रसिद्ध केले. म्हणजे हे कौशल्य राज्यात उपलब्ध आहे. मोजता येईल असे लक्ष्य कसे लिहावे याचे उदाहरणही राज्याच्याच २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात आहे : २०२५ मध्ये नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनांपैकी १० टक्के विजेवरची असावीत. वर्ष, प्रमाण आणि छेद (ते प्रमाण कशापैकी, हे) तिन्ही दिलेले आहेत आणि वाहन नोंदणीचा आकडा ‘वाहन’ संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. धोरण यशस्वी की अयशस्वी, यावर वाद घालायला मंत्रालयात जावे लागत नाही. नद्यांसाठी, सांडपाण्यासाठी आणि रोपांच्या जगण्यासाठी असेच एक-एक वाक्य राज्याने लिहिलेले मला पाहायचे आहे.


भीमाकाठ

सर्वांच्या मदतीने मांडणीचा आराखडा बदलला आहे. सुरुवात रामसर स्थळांपासून करण्याऐवजी मी भीमेच्या पाण्यापासून करणार आहे, कारण प्रदूषण नियंत्रण मंडळ आमच्या पट्ट्यातील नमुन्यांचे निकाल प्रसिद्ध करते आणि श्रोत्यांपैकी अनेकांच्या शेतात तेच पाणी जाते. सौर वाहिनी आणि भूजल ही जोडी मधल्या भागात येईल.

एक शंका उरते. आर्थिक पाहणीत पर्यावरणावर एक भाग असतो असे ऐकले आहे. तो वापरावा का?


प्रतिसाद : सावरीचे झाड

अवश्य वापरावा. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दरवर्षी अंदाजपत्रकाच्या आदल्या दिवसांत विधिमंडळात मांडली जाते आणि ती मराठीतही मिळते, त्यामुळे आपल्या स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी पडेल. वाचताना दोन गोष्टी कराव्यात. तक्त्याखालची बारीक टिपण आधी वाचावी, कारण आकडा डिसेंबरअखेरपर्यंतचा आहे की मार्चपर्यंतचा आणि तो ‘तात्पुरता’ आहे की अंतिम, हे तेथेच कळते. दुसरे म्हणजे मागील दोन-तीन वर्षांच्या पाहण्या शेजारी उघडाव्यात आणि एखादा तक्ता मधल्या एखाद्या वर्षी गायब झाला आहे का ते बघावे. झाला असेल, तर आपल्या आमदारांनी सभागृहात विचारण्यासारखा तो सर्वांत चांगला तारांकित प्रश्न असतो. आपल्या तालुक्याच्या निरीक्षण विहिरींचे आकडे मात्र पाहणीत मिळणार नाहीत; त्यासाठी भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावे साधा अर्ज द्यावा आणि मार्च व मे या दोन्ही महिन्यांच्या नोंदी मागाव्यात.